पावसाळा आला की पीडीएमएस चिप काचेला चिकटत नाही, लीक होते: दरवर्षीचा त्रास आणि शेवटी काय सापडलं

दरवर्षी हेच. पीडीएमएस म्हणजे पारदर्शक सिलिकॉन रबर, आणि चिप म्हणजे त्याचा तुकडा ज्याच्या खालच्या बाजूला द्रव वाहायच्या बारीक नाल्या, म्हणजे चॅनल असतात; तो काचेवर चिकटवला की चॅनल बंद होतात. मार्च, एप्रिल, मे मस्त जातात, प्लाझ्मा (कमी दाबात विजेनं पेटवलेला वायू) मारला, चिप काचेवर ठेवली की चिकटल्याची कड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पळताना डोळ्यांना दिसते आणि विषय संपतो. मग जून उलटतो, पुण्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि चिपा लीक व्हायला लागतात. सिरिंज पंप लावायचा, लाल खाद्यरंग सोडायचा, पहिली दोन मिनिटं रंग चॅनलमधून शहाण्यासारखा जातो आणि तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी पान खाऊन पिंक टाकल्यासारखा चिपखाली पसरतो. दोन पावसाळे मी हे "हवामान" म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या वर्षी पेशींचा सेट चालू असताना चौथ्या तासाला चिप उखडली, मीडिया (पेशींचं पोषक द्रव) मायक्रोस्कोपच्या स्टेजवर सांडला, त्या दिवशी ठरवलं की आता याच्या मुळाशी जायचंच.

आधी माझा सेटअप सांगतो म्हणजे तुमच्याशी किती जुळतो ते कळेल. एसयू-८ चा मास्टर (सिलिकॉनच्या वेफरवर, म्हणजे चकतीवर, एसयू-८ रेझिननं बनवलेला चॅनलचा साचा), चॅनल ५० मायक्रॉन उंच आणि १०० मायक्रॉन रुंद, सिलगार्ड १८४ (पीडीएमएसचं दोन भागांचं किट) दहाला एक, ७० अंशाला किमान दोन तास (बऱ्याचदा रात्रभर), ट्यूबसाठी भोकं पाडायला १ मिलिमीटरचा बायोप्सी पंच, खाली साधी मायक्रोस्कोप स्लाइड नाहीतर कव्हरस्लिप, आणि टेबलावरचा छोटा प्लाझ्मा क्लीनर ज्यात आम्ही सिलिंडरचा ऑक्सिजन नाही तर खोलीतलीच हवा नीडल व्हॉल्व्हमधून आत सोडतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मी आधी केलेला गाढवपणा

चिप लीक झाली की पहिला हात कुठं जातो? प्लाझ्माच्या टायमरकडे. माझाही गेला. ४० सेकंद होते ते ९० केले, फरक नाही, मग तीन मिनिटं केले, आणि बाँड आणखी वाईट झाला. हे का होतं ते थोडं समजून घ्या कारण ही चूक जवळजवळ सगळे करतात. पीडीएमएसच्या पृष्ठभागावर मिथाइल गट असतात, प्लाझ्मा ते उडवतो आणि तिथं सिलॅनॉल, म्हणजे सिलिकॉनला लागलेले ओएच गट तयार होतात, काचेवरही तसेच, आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकले की पाण्याचा रेणू बाहेर पडून सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असा पक्का सांधा होतो. हे काही सेकंदांचं काम आहे. त्यापुढं मारत बसलात तर वरचा थर काचेसारखा कडक आणि ठिसूळ होत जातो, त्याला बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगांतून आतल्या न जुळलेल्या छोट्या साखळ्या वर झिरपून पृष्ठभाग परत पाणी नाकारायला लागतो. म्हणजे जास्त मारला की जास्त चिकटेल हे गणितच उलटं आहे. पोळी जास्त भाजली म्हणून जास्त मऊ होत नाही.

मग मी दहाला एकचं प्रमाण बदलून पाहिलं, ओव्हनचं तापमान वाढवलं, पंच नवीन आणला. सगळं एकाच आठवड्यात. त्यामुळे एक-दोन चिपा चांगल्या निघाल्या तेव्हा कशामुळे निघाल्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला हे शाळेत शिकवतात, लॅबमध्ये डेडलाइन आली की कुणाला आठवतंय.

लीक कुठून होतंय ते आधी बघा

हे मी आधी केलं असतं तर महिना वाचला असता. लीक लीक म्हणून सगळं एकाच टोपलीत टाकू नका, रंग कुठून फुटतो ते कमी झूमवर बसून बघा.

ट्यूबच्या भोवतीनं वर येत असेल तर त्याचा प्लाझ्माशी काही संबंध नाही, तो पंचचा प्रश्न आहे. बोथट पंचनं भोक कापलं जात नाही, फाटतं, आणि त्या फाटीतून पाणी वाट काढतं. पंच चॅनलच्या बाजूनं घाला, सरळ उभा धरा, आत गेलेला गोळा पूर्ण बाहेर काढल्याशिवाय पंच मागं ओढू नका, नाहीतर तो गोळा परत भोकात बसतो आणि तुम्ही तासभर ब्लॉकेज शोधत बसता. ट्यूब भोकापेक्षा किंचित जाड पाहिजे. तात्पुरता इलाज म्हणजे ट्यूबच्या बुडाशी न सेट झालेल्या पीडीएमएसचा एक थेंब लावून हॉटप्लेटवर ठेवणं, माझी अर्धी डेटा त्या थेंबांवर उभी आहे.

चिपच्या बाहेरच्या कडा उचलल्या जात असतील पण मधला भाग घट्ट असेल तर बघा की वेफरच्या काठाजवळचा भाग घेतला नाहीये ना, तिथं पीडीएमएस काठाला चढतो आणि सपाट राहत नाही. शिवाय स्कॅल्पेल तिरकं चालवलं की कड वर वळते. जाड कड कापून टाका, हात आखडता घेऊ नका.

एखाद्याच ठिकाणी, दरवेळी वेगळ्या जागी गोल बुडबुड्यासारखा न चिकटलेला डाग दिसत असेल तर ती धूळ. पारदर्शक चिकटपट्टी लावून काढा, दोनदा, आणि प्लाझ्मात जाईपर्यंत पट्टी ठेवूनच द्या.

आणि एक हसू येणारं पण दर बॅचला होणारं: नवीन पोरं चिप उलटी चिकटवतात. वेफरला टेकलेली बाजू, जिच्यात चॅनल आहे, ती खाली. हवेकडची बाजू नाही. हसू नका, मीही केलंय, रंग वरून सांडल्यावर कळलं.

हे सगळं नसेल, आणि चिपचा मोठा भाग, चॅनलच्या शेजारचा, सरळ सोलून निघत असेल, सोलल्यावर काचेवर पीडीएमएसचा कणही मागं राहत नसेल, तर ती खरी बाँडिंगची बोंब. चांगला बाँड असेल तर ओढल्यावर पीडीएमएस फाटतो, सांधा सुटत नाही. माझं हेच होत होतं.

पाण्याचा थेंब

आता सगळ्यात उपयोगी आणि फुकटातली टेस्ट. चिप वाया घालवू नका, नुसता साधा पीडीएमएसचा तुकडा आणि एक स्लाइड प्लाझ्मात घाला, बाहेर काढल्या काढल्या दोन्हीवर पिपेटनं डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याचा एक-एक छोटा थेंब टाका. प्लाझ्मा न मारलेल्या पीडीएमएसवर थेंब मण्यासारखा उभा राहतो, कोन साधारण ११० अंश. नीट प्लाझ्मा लागला असेल तर थेंब टेकताक्षणी पसरून पातळ पापुद्रा झाला पाहिजे. २००५ मध्ये शंतनु भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीएमएस आणि काचेच्या बाँडची ताकद आणि हा थेंबाचा कोन यांचा संबंध मोजून दाखवला होता, कोन जितका लहान तितका बाँड पक्का. त्यामुळे कोन मोजायचं मशीन नसलं तरी डोळ्यांनी बघून बराच अंदाज येतो.

मी हे केलं आणि पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं. पीडीएमएसवर थेंब बऱ्यापैकी पसरला. काचेवर अर्धवट. मग सुचलं म्हणून एकाच वेळी चार स्लाइडचे तुकडे चेंबरमध्ये ओळीनं ठेवले, दारापासून मागच्या व्हॅक्यूम पंपाच्या भोकापर्यंत. दाराजवळच्या काचेवर थेंब झकास पसरला, मधल्या दोन्हीवर ठीकठाक, आणि पंपाच्या भोकाजवळच्या तुकड्यावर थेंब चक्क उभा. प्लाझ्मा एकच, वेळ एकच, काच एकाच पाकिटातली. म्हणजे मागून काहीतरी येत होतं.

ताक

आमच्याकडे मशिनं बघणारे एक काका आहेत, पंचवीस वर्षं झाली त्यांना, लेथपासून एसीपर्यंत सगळं त्यांच्याकडे. त्यांना विचारलं की काका पंपात काय असू शकतं, तर ते आले, टेबलाखाली वाकले, पंपाच्या तेलाच्या काचेवर टॉर्च मारला आणि म्हणाले, "अरे हे तेल आहे का ताक?" खरंच. रोटरी पंपाचं तेल मधासारखं पारदर्शक पिवळं दिसायला पाहिजे, आमचं पांढरट गढूळ झालेलं. तेलात पाणी मिसळलं की असं होतं.

कारण सोपं आहे. आपण खोलीतली हवा आत सोडतो. जुलैमधली ती हवा वाफेनं भरलेली. ती वाफ चेंबरच्या भिंतींना चिकटते, पंप तिला ओढत बसतो, पंपात ती दाबली जाते आणि तिचं पाणी होऊन तेलात मुरतं. मग तेलातूनच परत वाफ निघते आणि पंप पूर्वीच्या व्हॅक्यूमपर्यंत पोचतच नाही. म्हणजे टायमर तोच, पॉवर तीच, पण आत दाब वेगळा, हवेत काय काय आहे ते वेगळं, म्हणजे प्लाझ्माच वेगळा. मी रंगाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. मे महिन्यातला फोटो मोबाइलमध्ये सापडला, छान भरदार जांभळट-गुलाबी, आणि आता बघतो तर फिकट, मरगळलेला, मधूनच थरथरणारा. आमच्या मशीनवर गेज नाही हो, असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुमच्याकडे असेल तर उन्हाळ्यातला आकडा आत्ताच लिहून ठेवा.

पण पंपाच्या भोकाजवळचीच काच का खराब? ते काकांनीच विचारलं, "पावसात लाइट जाते तेव्हा मशीन चालू असतं का?" असतं की. दोन-तीनदा गेलीच होती. पंप चालू असताना वीज गेली की चेंबरमध्ये व्हॅक्यूम आणि पंपात हवेचा दाब, मग तेल नळीतून उलटं चेंबरकडे ओढलं जातं. नव्या पंपांत हे अडवायचा व्हॉल्व्ह असतो, आमचा जुना, त्याचं रबर गेलेलं. नळी काढून बघितली तर आत तेलाचा ओघळ. म्हणजे मी प्रत्येक वेळी काचेवर तेलाची वाफ चढवत होतो आणि मग चिकटत का नाही म्हणून टायमर फिरवत होतो. च्यायला.

काय केलं ते सांगतो. तेल पूर्ण काढलं, नवीन थोडं घालून पंप फिरवून तेही काढलं, मग नवीन भरलं. नळी बदलली. व्हॉल्व्हचं रबर बदललं. चेंबर आधी कोरड्या, मग आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) भिजवलेल्या लिंट न सोडणाऱ्या कापडानं पुसला, आयपीए पूर्ण उडून जाईपर्यंत दार उघडं ठेवलं (हे विसरू नका, वाफ आत असताना प्लाझ्मा पेटवायचा नसतो), आणि मग रिकामा चेंबर पंधरा-पंधरा मिनिटं प्लाझ्मावर चालवला, तीनदा. त्यानंतर चार तुकड्यांची टेस्ट परत केली. चारही काचांवर थेंब सारखा पसरला. त्या दिवशी मी काकांना कॅन्टीनमध्ये मिसळ खिलवली.

आता रोजची सवय अशी. सकाळी पंप चालू केला की गॅस बॅलास्टचा व्हॉल्व्ह उघडून अर्धा तास नुसता चालवायचा. या व्हॉल्व्हमधून थोडी हवा पंपाच्या दाबाच्या भागात जाते आणि वाफेचं पाणी व्हायच्या आत ती बाहेर ढकलली जाते, पंप तापला की तेलातलं पाणीही निघून जातं. काम करताना बॅलास्ट बंद, नाहीतर व्हॅक्यूम थोडा कमी मिळतो. काम झालं की चेंबरमध्ये हवा सोडून मगच पंप बंद करायचा, उलट क्रम नाही. आणि नीडल व्हॉल्व्हच्या तोंडाशी सिलिका जेलची नळी लावली, सिरिंजच्या बॅरलमध्ये दाणे भरून दोन्हीकडे काचेचा कापूस, झालं. ऐंशी-नव्वद रुपयांचं काम. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये टाकून परत निळे करायचे. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, हातमोजे घाला, केशरी रंगाचे मिळाले तर ते बरे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो कारण कुणीतरी म्हणणारच की ऑक्सिजन सिलिंडर लावा, सगळे प्रश्न सुटतील. ऑक्सिजन प्लाझ्मा चांगलाच आहे, पण साध्या मिनरल ऑइलच्या पंपातून शुद्ध ऑक्सिजन ओढणं धोक्याचं आहे, पंपात स्फोट होऊ शकतो. त्याला फ्लोरिनेटेड तेल लागतं, फोम्ब्लिनसारखं, आणि पंपही त्या तेलासाठी साफ करून तयार केलेला लागतो. त्या तेलाची किंमत बघून आमच्या मॅडमनी कोटेशन न बोलता परत माझ्या टेबलावर ठेवलं. तोपर्यंत हवाच बरी, फक्त कोरडी हवा.

तरीही दहात दोन-तीन चिपा लीक

वाटलं होतं संपलं. नाही. मोठी बोंब थांबली पण मधूनमधून एखादी चिप डागाळल्यासारखी चिकटायची, चॅनलच्या एका बाजूला पक्की, दुसऱ्या बाजूला सुटी. प्लाझ्मा आता बरोबर, म्हणजे घाण प्लाझ्माच्या आधीच येत होती.

आम्ही स्लाइड साबण, डीआय पाणी, आयपीए असं धुतो आणि मग एअर गननं फुंकून वाळवतो. नायट्रोजन सिलिंडर संपला की सगळे कॉम्प्रेसरच्या हवेवर येतात, आणि आमच्याकडे नायट्रोजन जून ते ऑगस्ट कायम संपलेलाच असतो, का ते विचारू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीत पावसाळ्यात पाणी साठतं, तेलाचा अंश असतोच, फिल्टर कुणी बदललेला नसतो. याची टेस्ट अगदी घरगुती आहे: धुतलेल्या काचेवर एक मिनिट ती हवा मारा, मग चष्म्यावर सोडतो तसा तोंडानं श्वास सोडा. स्वच्छ काचेवर धुकं एकसारखं राखाडी बसतं आणि एकसारखंच उडतं. आमच्या काचेवर मधोमध ठिपक्या-ठिपक्यांचं नक्षीकाम आलं, हवेचा झोत जिथं लागला तिथंच. कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा नळ उघडला तर अर्धी बादली तांबूस पाणी. तेव्हापासून स्लाइड आणि पीडीएमएस दोन्ही नायट्रोजननं नाहीतर सरळ ७० अंशाच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. ओव्हनचं आणखी एक कारण: पीडीएमएस आयपीए थोडं पितो. वरून कोरडा दिसला तरी आत असतं, आणि ते नंतर सांध्यातून बाहेर येत राहतं.

स्लाइडचं अजून एक. दमट हवेत उघड्या पाकिटातल्या साध्या काचेच्या स्लाइड एकमेकींना चिकटतात आणि त्यांच्यावर पांढुरकं धुकं चढतं, ते धुळीसारखं दिसतं पण पुसून जात नाही, काचेतले क्षार पाण्यानं बाहेर येऊन काचच खराब झालेली असते. अशी पेटी प्लाझ्मासाठी वापरू नका, धुण्यात वेळ घालवू नका, ती नवीन मुलांना पिपेटिंग शिकवायला द्या. चांगली पेटी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद कोरड्या भांड्यात.

पण कुठल्या डेसिकेटरमध्ये? हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मास्टरवरून पीडीएमएस सुटावा म्हणून आपण वेफरवर फ्लोरोसिलेनची वाफ चढवतो, त्यासाठी डेसिकेटर वापरतो. त्याच डेसिकेटरमध्ये पीडीएमएसचे बुडबुडे काढले, किंवा स्लाइड ठेवल्या, तर त्या सिलेनचा अंश सगळीकडे बसतो, आणि ज्या गोष्टीचं कामच चिकटू न देणं आहे ती बाँडिंगच्या आड येणारच. सिलेनचा डेसिकेटर वेगळा, फ्यूम हुडमध्ये, त्यावर मोठ्या अक्षरात लिहून. नवीन सिलेन चढवल्यावर पहिला पीडीएमएस ओतून सेट करून फेकून द्यायचा, त्यावर बाँडिंग करायचं नाही. शिवाय हे सिलेन पाण्याशी लगेच रिअॅक्ट होतं, हायड्रोक्लोरिक अॅसिडची वाफ सोडतं आणि दमट दिवशी वेफरवर पांढरे कण पाडतं, ते कण पुढच्या प्रत्येक चिपवर छापले जातात. शक्यतो मास्टरचं सिलेन पावसाळ्याआधीच उरकून घ्या.

चिकट डाग दिसले तर

हे वेगळं दुखणं आहे पण लोक बाँडिंगशी गल्लत करतात म्हणून थोडक्यात. पीडीएमएस वेफरवरून काढला आणि काही ठिकाणी चिकट, ओलसर राहिला असेल तर तो सेटच झालेला नाही. सिलगार्डमधला प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट सल्फर आणि अमाइननं मरतो. लेटेक्सचे हातमोजे घालून पीडीएमएस हाताळला की मोज्यांतलं सल्फर लागतं. नायट्राइल वापरा. पूर्ण स्लॅबच मऊ असेल तर वजन करताना चूक किंवा नीट ढवळलं नाही, ढवळताना हात दुखायला लागल्यावर आणखी दोन मिनिटं ढवळा. ओव्हनवर विश्वास ठेवू नका, आत थर्मामीटर ठेवा, आमचा ७० दाखवायचा आणि खालच्या कप्प्यात ५८ असायचं. डेटाशीटप्रमाणे सिलगार्ड १८४ ला १०० अंशाला ३५ मिनिटं पुरतात, २५ अंशाला ४८ तास लागतात, त्यामुळे घाई असेल तर तापमान वाढवा, वेळ कापू नका.

सगळं झाल्यावर चिप कशी चिकटवतो

पट्टी काढा, दोन्ही पृष्ठभाग वर तोंड करून चेंबरमध्ये, ४० सेकंद, बाहेर काढा, एका मिनिटाच्या आत टेकवा. फोन वाजला तर वाजू द्या. प्लाझ्मा लागलेला पीडीएमएस हवेत ठेवला की पृष्ठभाग हळूहळू परत पाणी नाकारणारा होतो, आणि दमट हवेत काचेवर पाण्याचा थरही बसतो. एका कडेकडून टेकवा आणि स्वतःहून पुढं जाऊ द्या. चॅनलच्या वर अंगठा दाबू नका, विशेषतः चॅनल उंचीच्या मानानं खूप रुंद असेल तर, छप्पर खाली टेकतं आणि तेही चिकटतं, मग तुमच्याकडे चॅनल नसलेली अतिशय उत्तम बाँड झालेली चिप असते. मग ८० अंशाच्या हॉटप्लेटवर किमान अर्धा तास. मी घाई नसेल तर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीच पाणी सोडतो.

पेशींसाठी चिप वापरणाऱ्यांनो, तुमच्यापुढं पेच आहे. चॅनल ओला व्हायला सोपा हवा असेल तर बाँडिंगनंतर लगेच भरावं लागतं, आणि सांधा पक्का व्हायला वेळ द्यावा लागतो. मी मधला मार्ग काढतो, हॉटप्लेटवर अर्धा तास, मग डीआय पाणी अगदी हळू, मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर, मग फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटून राहायला मदत करणारं प्रथिन). दुसऱ्या दिवशी पेशी. चॅनल पाण्यानं भरलेला राहिला तर आतला पृष्ठभाग जास्त वेळ पाणी धरून राहतो.

प्लाझ्मा मशीनच बंद पडलं तर हातात धरायचा कोरोना ट्रीटर (उच्च व्होल्टेजनं हवेतच विजेचा झोत काढणारं यंत्र) चालतो, २००६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड बीबी यांच्या ग्रुपनं त्यावर पेपर दिलाय, हे छोटं यंत्र प्लाझ्मा क्लीनरच्या तुलनेत अगदीच स्वस्त आहे. ओझोनचा वास येतो, खिडकी उघडा, आणि शेजारच्या टेबलावर कुणाचा लॅपटॉप नाही ना बघा. उखडलेली चिप परत वापरायची असेल तर पट्टीनं साफ करून एकदाच पुन्हा प्लाझ्मा मारून बघा, कमी प्रवाहाच्या प्रयोगाला चालून जाते, दुसऱ्यांदा मात्र फेकाच.

एक गंमत म्हणजे १९९८ मध्ये हार्वर्डला जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या ग्रुपनं पीडीएमएसमध्ये झटपट चॅनल बनवायची ही पद्धत मांडली तेव्हापासून जगभर सगळे जवळपास तेच करताहेत, तेच प्रमाण, तोच प्लाझ्मा. पद्धतीत चूक नाहीच. फक्त तिच्यात कुठंही लिहिलेलं नसतं की खोलीतली हवा म्हणजे कुठली हवा.

या वर्षी १० जूनला तेल बदललं आणि पंपावर तारखेचा स्टिकर लावला. दर सोमवारी चार तुकड्यांची थेंबाची टेस्ट, वहीत चार टिकमार्क. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पंपाकडच्या तुकड्याचा थेंब जरा आखडलेला वाटला, जाऊन बघितलं तर सिलिका जेल पूर्ण गुलाबी, कुणी बदललंच नव्हतं. बदललं, दुसऱ्या दिवशी ठीक. यूपीएस मागितलाय, पंपासाठी, तो काही अजून आलेला नाही, त्यामुळे ढग दाटले की मी प्लाझ्मा लावतच नाही, चहाला जातो.